मोठ्यानं केलेली प्रार्थना

आमच्या उपासनेत एक रीत आहे. गीत संपलं की पुढारी विचारतो, कुणाची काही विनंती आहे का? मग मागच्या चटईवरची एखादी म्हातारी उठते आणि सांगते की सुनेला दिवस गेलेत, पाय सुजलेत. कुणी म्हणतो, बैलानं चार दिवस चाऱ्याला तोंड लावलेलं नाही. कुणाचा मुलगा सुरतेकडे गिरणीत गेलेला असतो आणि त्याचं पत्र नसतं. पुढारी सगळं ऐकून घेतो आणि मग डोळे मिटून एकेकाचं दुखणं देवापुढे मोठ्यानं मांडतो. नुसतं 'आजाऱ्यांना बरं कर' म्हटलेलं आमच्या लोकांना पटत नाही. पाय डावा सुजलाय की उजवा, तेही सांगावं लागतं. नाहीतर बाहेर पडताना म्हातारी कुरकुरते, मास्तरनं माझं सांगितलंच नाही.

त्या काळी हा पुढारी मी होतो. नवापूरकडच्या डोंगरात आमचं गाव. तिथं मिशनची चौथीपर्यंतची शाळा होती आणि मी तिचा एकुलता एक मास्तर. पाळकसाहेब महिन्यातून एकदा घोड्यावरून यायचे, बाकीचे रविवार माझ्या गळ्यात. गळ्यात म्हणतो खरं, पण मला ते मनापासून आवडायचं. घरात आम्ही आमची डोंगरातली बोली बोलायचो, बाजारात अहिराणी, आणि प्रार्थना मात्र मी अस्सल पुस्तकी मराठीत करायचो. 'हे कृपावंत, सर्वसमर्थ पित्या' असं सुरू झालं की पाव तास मी थांबायचो नाही. निम्म्या लोकांना त्यातलं निम्मं कळत नसे, पण गावोगावी बोलबाला होता की या मास्तरासारखी प्रार्थना कुणाला येत नाही. आईला ती फारशी आवडायची नाही. ती विचारायची की तू देवाशी बोलतोस की मामलेदाराला अर्ज लिहितोस? ती हसून म्हणायची, पण मला राग यायचा. राग मला तेव्हाही लवकर यायचा, आणि आता म्हातारपणीही तो काही कमी झालेला नाही.

प्रार्थनेच्या शेवटी इंग्रजांच्या राजासाठी आणि त्याच्या सगळ्या अधिकाऱ्यांसाठी दोन वाक्यं असत. ती छापील होती, नेमातली होती. सत्ता देवानं ठेवलेली आहे, तिला मान द्या, कर द्या, तिच्यासाठी प्रार्थना करा, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. मला त्यात काही वावगं वाटत नसे. आमच्या आजोबाच्या काळी सावकाराचा माणूस झोपडीत शिरून मडकी फोडायचा. आता निदान कचेरीत जाऊन दाद मागता येते, हे आम्ही मिशनच्या शाळेतून शिकलो. पण याच दोन वाक्यांमुळे बाजारात आमच्याकडे लोक वेगळ्या नजरेनं बघू लागले होते. एकदा नवापूरच्या बाजारात माझ्या वडिलांच्या डोक्यावरची टोपी एकानं उडवली आणि म्हणाला, जा, तुझ्या साहेबाला सांग. वडिलांनी टोपी उचलली, झटकली आणि मिरच्या घेऊन घरी आले. त्यांनी आयुष्यात कुठल्याही साहेबाला काहीही सांगितलेलं नव्हतं. ज्या जमिनीत त्यांच्या सात पिढ्या नागली पेरत आल्या, तिथंच त्यांना परकं म्हटलं गेलं. हे मला आजही सहन होत नाही.

माझा एक मित्र होता कोरीटचा. तापीकाठच्या खात्यापित्या शेतकरी घरातला, हिंदू. नंदुरबारला आम्ही दोघे सातवीच्या फायनलच्या परीक्षेला शेजारी बसलो होतो. तिथं त्यानं मला त्याची दौत दिली आणि मी त्याला गणित दाखवलं, अशी आमची मैत्री. तोही मास्तर झाला, पण खादी घालतो म्हणून वरिष्ठांशी खटके उडाले आणि त्यानं नोकरी सोडली. वर्षातून एकदा, साधारण होळीनंतर, तो आमच्याकडे डोंगरात यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा आईनं त्याला बाहेर ओट्यावर वेगळं ताट मांडलं. वरच्या जातीचा माणूस, आमच्या चुलीपाशी कसा बसेल? त्यानं ते ताट उचललं, आत आला आणि चुलीशेजारी मांडी ठोकून नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ पोटभर जेवला. त्या दिवसापासून आई त्याला आपला मुलगाच समजायची. मला ती इतक्या मायेनं कधी वाढायची नाही, हेही खरं.

माझ्या राजाच्या प्रार्थनेवरून तो मला चिडवायचा.

"तुन्हा राजाले तुन्हं नाव तरी ठाऊक शे का?" तो विचारायचा.

मी शास्त्रातला आधार देऊ लागलो की हात वर करायचा. "कर बाबा, कर. राजासाठे कर. पन एक डाव आम्हनासाठेबी कर."

मी म्हणायचो की मी तुमच्यासाठी रोज करतो. ते खोटं होतं. कधी आठवण आली तर करायचो.

बेचाळीस साली पावसाळ्यात सगळीकडे धरपकड सुरू झाली. कचेरीवर झेंडा लावायला निघालेल्या एका मिरवणुकीत तो पुढे होता. बरोबरचे पकडले गेले, त्याच्या नावानं वॉरंट निघालं आणि तो निसटला. हे आम्हाला नंतर कळलं. एका दुपारी भर पावसात तो आमच्या दारात उभा राहिला. अंगात ताप, पायात चप्पल नाही, आठवडाभर रानातून चालत आलेला. आईनं त्याला आत घेतलं. त्याचे ओले कपडे काढले, वडिलांचं धोतर दिलं आणि तांदळाची पेज पाजली. मग मला म्हणाली की याला गावात ठेवायचं नाही. आमच्या शेताच्या वरच्या अंगाला, ओढ्यापलीकडे, राखणीचं खोपटं होतं. पिकं तयार होईपर्यंत तिकडे कुणी फिरकत नसे. त्याला आम्ही तिथं नेऊन झोपवलं. वडील वारून तेव्हा दोन वर्षं झाली होती. खोपट्याचं ठाऊक होतं ते फक्त आईला आणि मला. आईनं मला बजावलं की हे बाहेर कुणालाही सांगायचं नाही, पाळकसाहेबांनासुद्धा नाही. मी मान डोलावली.

ते नऊ-दहा दिवस मी विसरणार नाही. शाळा सुटली की मी पेजेचं मडकं घोंगडीखाली धरून वर चढायचो. मिशनच्या दवाखान्यातून माझ्या नावावर तापावरचं कोयनेल आणलं होतं. तो बोलण्याइतका बरा असला की देशाबद्दल बोलायचा, मी ऐकायचो. तोपर्यंत देश म्हणजे मला शाळेतला नकाशा वाटायचा. त्याच्या तोंडात पेज घालताना मला प्रथमच वाटलं की देव माझ्याकडून काय मागतो आणि देश काय मागतो, यात भांडण नाही. उपाशी माणसाला खाऊ घालायचं, आजाऱ्याजवळ बसायचं, लपलेल्याला उघडं पाडायचं नाही. दोघांचं मागणं एकच होतं. मला इतका आनंद झाला होता की तो कुठंतरी बोलून दाखवावा असं वाटत होतं. माझा घात तिथंच झाला.

शनिवारी ताप चढला तो उतरेना. रविवारी पहाटे मी खोपट्यात गेलो तर तो बडबडत होता, बायकोला हाका मारत होता, मला ओळखत नव्हता. हा मरतो, असं मला वाटलं. आई त्याच्याजवळ बसली आणि मला म्हणाली, तू जा. मास्तर उपासनेला आला नाही तर लोक विचारतील. थोड्या वेळानं मीही येते.

मंदिर म्हणजे मातीच्या भिंती आणि कौलांचं छप्पर, आत चटया. नेहमीचे लोक होते. मागे दाराजवळ जंगल खात्याचा नवा नाकेदार बसला होता. आपलाच, ख्रिस्ती, दुसऱ्या तालुक्यातून महिन्यापूर्वी बदलून आलेला. त्याची ही दुसरी-तिसरी उपासना असेल. विनंत्या झाल्या. एकीचा गुडघा, एकाची म्हैस, एकाच्या मुलाची परीक्षा. मी डोळे मिटले आणि सुरू झालो. गुडघा झाला, म्हैस झाली. आणि मग माझ्या डोळ्यांसमोर तो खोपट्यातला चेहरा आला आणि मला आवरलं नाही. मी म्हणालो, "हे दयाळू पित्या, ओढ्यापलीकडच्या त्या खोपट्यात तापानं होरपळणाऱ्या तुझ्या लेकरावर दया कर. आपल्या मायभूमीसाठी तो घरदार सोडून रानोमाळ फिरला. जे त्याला शोधीत आहेत त्यांचे डोळे झाक. त्याला त्याच्या पत्नीकडे सुखरूप ने." माझा आवाज भरून आला होता. बायकांनी मुसमुसायला सुरुवात केली, ते मला ऐकू येत होतं. आणि खोटं कशाला सांगू, ते ऐकून मी आणखी दोन वाक्यं वाढवली. त्यानंतर नेमाप्रमाणे राजासाठी आणि त्याच्या अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना केली आणि आमेन म्हटलं.

डोळे उघडले तेव्हा आई दारात उभी होती. ती नुकतीच आली असावी, पण पुरेसं ऐकलं होतं तिनं. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तिच्याशेजारी नाकेदार चपला घालत होता. त्यानं मला सलाम केला आणि निघून गेला.

घरी आल्यावर आई म्हणाली की त्याला आत्ताच्या आत्ता हलवायचं. पलीकडच्या डोंगरात तिच्या भावाचं घर होतं, दोन कोस वाट. मी म्हटलं, एवढ्या तापात, एवढ्या पावसात तो वाटेतच जाईल. आई म्हणाली, मग पोटाशी धरून नेऊ. मी म्हटलं, मी कुणाचं नाव घेतलेलं नाही. शेवटी मी चिडून ओरडलो, "नाकेदार आपल्यातलाच आहे, प्रार्थनेतलं कुणी बाहेर सांगतं का?" हे बोललो तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. आमच्या लोकांत प्रार्थनेत ऐकलेलं चव्हाट्यावर न्यायचं नाही, असा संकेत होता. कुणाचा नवरा दारू पितो, कुणाची मुलगी पळून गेली, सगळं आम्ही तिथं मोठ्यानं ऐकायचो आणि तिथंच ठेवायचो. माझी बाकी सगळी अक्कल त्या एका संकेतापुढे झोपी गेली होती. आई एकटी वर गेली आणि दिवसभर त्याच्याजवळ बसली.

सोमवारी सकाळी जमादार सहा शिपाई घेऊन आला. ते कुणालाही काही न विचारता थेट ओढ्याकडे गेले. त्याला खाली आणलं ते बाजेवर. बाज उचलायला गावातलीच चार माणसं लावली होती आणि त्यांत मी एक होतो. ताप जरा उतरला होता, तो शुद्धीवर होता. आम्हा मायलेकांना जमादारानं धरलं नाही, त्याला हवा होता तो माणूस सापडला होता. जमादार गमतीनं म्हणाला की मास्तर, तुमची प्रार्थना सरकारला पोचली बरं का. मित्रानं माझ्याकडे पाहिलं. त्याला काय झालं ते कळलं की नाही, मला माहीत नाही. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

गाडीरस्त्यापाशी बाज गाडीत चढवताना त्यानं माझं मनगट धरलं.

"कोरीटले जायजो," तो म्हणाला. "मन्ही घरवालीले सांगजो, मी जित्ता शे. आनखी काही सांगू नको. ती घाबरी जाई."

मी म्हटलं, उद्याच जातो.

मी गेलो नाही. पोलीस माझ्यावर नजर ठेवून असतील, मिशन मला काढून टाकेल, पाऊस थांबू दे, परीक्षा होऊ दे. कारणं काय, मास्तरला सुचतातच.

चार दिवसांनी नाकेदार घरी आला. मी त्याला दारातच शिव्या दिल्या, आईनं मला आवरलं. तो खाली मान घालून उभा होता. वाईट माणूस नव्हता तो. तो म्हणाला, "मास्तर, मी सरकारचं मीठ खातो. आणि तुम्हीच त्या प्रार्थनेत राजासाठी, त्याच्या अधिकाऱ्यांसाठी आशीर्वाद मागितला. मी पण अधिकारीच की, लहान असलो तरी. मला वाटलं, खरं बोलणं हेच माझं कर्तव्य. चुकलं का माझं?" त्याला खरंच उत्तर हवं होतं. मी दार लावून घेतलं. त्याला मी काय सांगणार होतो? सत्तेला मान द्या हे मीच वर्षानुवर्षं शिकवत होतो. त्या मानाला मर्यादा कुठं असते, हे मी कधी शिकवलं नव्हतं. कारण ते मला स्वतःलाच कळलेलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी पुन्हा उभा राहिलो. विनंत्या मागितल्या तर एकही माणूस उठला नाही. ज्या म्हातारीचा गुडघा दर आठवड्याला दुखायचा, तीसुद्धा गप्प. मी छापील प्रार्थना वाचली. राजाची दोन वाक्यं आली, तीही वाचली. आवाज कापला नाही, याचीच मला लाज वाटते.

दिवाळीच्या आधी बातमी आली की मित्र तुरुंगात वारला. कुणी म्हणालं ताप, कुणी म्हणालं मारहाण. खरं कधीच कळलं नाही. आईनं दोन दिवस चूल पेटवली नाही. त्यानंतर मी पुढारीपण सोडलं. पाळकसाहेबांना मी सांगितलं की घसा बसलाय. त्यांनी मध आणि आलं घ्यायला सांगितलं.

पाच वर्षांनी स्वराज्य आलं. शाळेसमोर सागाचा दांडा रोवून मी झेंडा उभारला, मुलांना गूळ-शेंगदाणे वाटले. तालुक्याहून आलेले एक पुढारी भाषणात म्हणाले की ख्रिस्ती बांधवांनीही आता देशावर प्रेम करायला शिकलं पाहिजे. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. नाकेदार गणवेशात ताठ उभा राहून झेंड्याला सलाम करत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याचं प्रेम खोटं होतं असं मी म्हणणार नाही. माझंही खोटं नव्हतं. पण ज्यानं मला ते शिकवलं, त्याच्यासाठी त्या दिवशी माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. उभं राहून काही बोला म्हणून लोकांनी आग्रह केला. मी घशाकडे बोट दाखवलं.

एवढं सगळं लिहिलं, पण कोरीटला मी कधी गेलो ते सांगायचं टाळत आलोय. ते स्वराज्याच्या आधीचं, त्याच हिवाळ्यातलं. तो गेल्याची बातमी आल्यावर महिनाभरानं मी गेलो. नंदुरबारला आगगाडीतून उतरून चालत. त्याचं घर विचारावं लागलं नाही, बाहेर ओट्यावर पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं बसून होती. त्यांना मी त्याचा फायनलचा सोबती म्हणून सांगितलं आणि त्यांनी मला आत जाऊ दिलं. त्याची बायको ओसरीत कापसाची बोंडं सोलत होती. कपाळ मोकळं. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल. तिनं मला पाणी दिलं.

"डोंगरमा त्या तुम्हना घर व्हतात ना?" तिनं नवऱ्याबद्दल विचारलं. "त्यासनी काही खादं व्हतं का?"

मी पेजेचं सांगितलं.

"त्यासना जोडे कोन बठे?"

त्याच्याजवळ आई बसायची, हे मी सांगितलं. ती बराच वेळ मान हलवत राहिली. इथंच थांबलो असतो तर तिनं मला जेवायला वाढलं असतं, आणि मी तिच्या नवऱ्याला आसरा देणारा माणूस म्हणून परत आलो असतो. पण मला ते जमलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. रविवार, विनंत्या, माझी प्रार्थना, मागे बसलेला नाकेदार, आईचं म्हणणं, माझं ओरडणं. आणि तो जिवंत असताना त्यानं दिलेला निरोप, जो मी आणला नव्हता, तोही सांगितला. ती रडली नाही. तिचे हात बोंडांवर चालत होते, मग थांबले.

"भाऊ, एक ईचारू का?" ती म्हणाली. "तुम्हना देवले ठाऊक नही व्हतं का, त्या कोठे व्हतात ते?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. आमच्या देवाबद्दल तिला काही माहिती नव्हती आणि ती विचारत होती.

"ठाऊक होतं," मी म्हटलं. "त्याला सगळं ठाऊक असतं."

"मंग मोठा आवाजमा तुम्ही कोनले सांगी ऱ्हायंतात?"

चटयांवर बसलेल्या माणसांना, हे त्याचं उत्तर होतं. ते मला तेव्हाच कळलं, पण तिच्यासमोर मी ते म्हणू शकलो नाही.